ग्लिसरीनचा अर्क पावसाळ्यात फसफसतो, वर बुरशी येते: पाण्याचा हिशेब कुठे चुकतो

पळसफुलं, तुळस, कडुनिंब, आवळा, शिकेकाई ग्लिसरीन-पाण्यात मुरवून साबण आणि केसांच्या तेला-शाम्पूसाठी अर्क काढणाऱ्या बचत गटांची तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. मे महिन्यात केलेला लॉट जूनपर्यंत झकास राहतो आणि पोळ्याच्या सुमारास बाटल्यांची झाकणं फुगतात, आंबूस वास येतो, वर पांढरी-हिरवी साय धरते. मग ग्लिसरीनवाल्याला दोष दिला जातो, दुकान बदललं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होतं.

ग्लिसरीन क्वचितच दोषी असतं. अर्कात शेवटी पाणी किती उरलं हे कोणी मोजलेलं नसतं, आणि दोष तिथे असतो. खाली आधी निदान, मग हिशेब, मग बाकीच्या तक्रारी. हे सगळं साबण, केस आणि त्वचेवर वापरायच्या अर्कासाठी आहे. पोटात घेण्याच्या औषधासाठी यातलं काहीही वापरू नका.

ग्लिसरीनच का, हा प्रश्न नेहमी येतो. वनस्पतीतले बरेच घटक अल्कोहोलमध्ये जास्त चांगले उतरतात, हे खरं आहे. पण वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि इतर जिल्ह्यांतही रेक्टिफाइड स्पिरिट (जवळजवळ शुद्ध अल्कोहोल) बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. रंगाच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट मिथेनॉलसारख्या विषारी भेसळीमुळे अंगाला लावायच्या वस्तूत चालत नाही. सोयाबीन-सरकीच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये वापरतात ते हेक्झेन तर गावात आणूच नये, त्याची वाफ ठिणगीनेही पेटते. ग्लिसरीन वनस्पती तेलातून निघतं, मातीत सहज कुजतं, चुलीजवळ ठेवलं तरी भडकत नाही. गावपातळीवर पाणी, ग्लिसरीन आणि खाद्यतेल हेच तीन द्रावक खरे कामाचे.

आधी बघा, ते खरंच आंबलंय का

शिकेकाई आणि रिठ्याच्या अर्काला हलवलं की फेस येणारच, तो त्यातल्या सॅपोनिनचा, म्हणजे साबणासारखा फेस करणाऱ्या घटकाचा. असा चांगला अर्क आंबला समजून ओतून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत. बाटली रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळातून बारीक बुडबुडे वर चढताना दिसले तर आंबणं, नुसता वरचा फेस विरलेला दिसला तर सॅपोनिन.

खात्री करायची असेल तर बाटलीच्या तोंडावर फुगा ताणून बांधा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. फुगा दुपारी बघू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळच्या २८ अंशांवरून दुपारी ४५ वर पारा जातो, तेवढ्याने बाटलीतली हवाच पाच-सहा टक्के प्रसरण पावते आणि रिकाम्या बाटलीवरचा फुगाही ताठ होतो. पहाटे, गारव्यात बघा. पहाटेही ताठ असेल तर आत यीस्ट वायू करतंय. दुसरी खूण सामूची, म्हणजे पीएचची; तो जितका कमी तितकं आंबट. पट्टीवर सामू पहिल्या दिवशी ५.५ होता आणि आता ४ च्या खाली उतरला, तर आंबणं सुरू आहे.

पाण्याचा हिशेब

ग्लिसरीन स्वतः जंतू मारत नाही. ते पाण्याला धरून ठेवतं, जंतूंच्या वाट्याला येऊ देत नाही. मुरंबा साखरेच्या पाकात टिकतो त्यामागचं तत्त्व हेच. किती धरून ठेवतं हे वजनाच्या प्रमाणावर ठरतं, ढोबळमानाने असं:

४० टक्के ग्लिसरीन: यीस्ट आणि काही जंतूही वाढतात. फसफस नक्की.
५० टक्के: बहुतेक जंतू आणि यीस्ट थांबतात, बुरशी थांबत नाही.
६० टक्के: नेहमीच्या बुरश्याही बहुतेक थांबतात. ही किमान रेषा.
६५ ते ७० टक्के: पावसाळा काढायचा असेल तर इथे राहा. अगदी चिवट, साखरेच्या पाकातही जगणारं यीस्ट इथे तग धरू शकतं, पण सावकाश.

आता नेहमीची कृती घ्या: अर्धा लिटर ग्लिसरीन, अर्धा लिटर पाणी, ४०० ग्रॅम ताजी तुळस. ऐकायला निम्मं-निम्मं. ग्लिसरीनची घनता १.२६ आहे, म्हणजे अर्धा लिटर ग्लिसरीन ६३० ग्रॅम भरतं. पाणी ५०० ग्रॅम. इथपर्यंत प्रमाण ५६ टक्के. पण ताज्या तुळशीत साधारण ८० टक्के पाणी असतं, म्हणजे ४०० ग्रॅम पाल्यातून ३२० ग्रॅम पाणी हळूहळू बाहेर येतं. एकूण पाणी ८२०, ग्लिसरीन ६३०, प्रमाण ४३ टक्के. तो लॉट पहिल्या दिवसापासून आंबायच्या वाटेवर होता. मे महिन्यात कोणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.

उपाय सोपा आहे. सगळं वजनाने मोजा, मापाने नाही, आणि एकच नियम पाळा: एकूण पाण्याच्या दुप्पट ग्लिसरीन. एकूण पाणी म्हणजे ओतलेलं पाणी अधिक वनस्पतीतलं पाणी. दुप्पट धरलं की प्रमाण ६६-६७ टक्क्यांवर येतं.

ताजी तुळस ४०० ग्रॅम: आतलं पाणी ३२०, वरून पाणी शून्य, ग्लिसरीन ६४० ग्रॅम.
वाळलेला कडुनिंब १५० ग्रॅम: आतलं पाणी साधारण १५, वरून पाणी २८५, ग्लिसरीन ६०० ग्रॅम.

वनस्पतीत पाणी किती हे पुस्तकातून घेऊ नका. पावसानंतर तोडलेला पाला आणि एप्रिलमधला पाला यांच्यात बराच फरक पडतो. ५० ग्रॅम पाला बारीक चिरून स्टीलच्या ताटलीत कडक उन्हात पसरा आणि दर दोन तासांनी वजन करा. सलग दोन वजनं सारखी आली की थांबा. ११ ग्रॅम उरले तर ३९ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ७८ टक्के. उन्हात सगळं पाणी जात नाही, थोडं उरतं, म्हणून आकडा नेहमी वर धरा, इथे ८०. किराणा दुकानात असतो तसा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा या सगळ्याला पुरतो. बचत गटाने मोजपात्रं, फनेल, शोभेच्या बाटल्या घेण्याआधी हा काटा घ्यावा.

कोरफड आणि ताजा आवळा हे वेगळं प्रकरण आहे. कोरफडीचा गर जवळजवळ सगळाच पाणी, ९८ टक्क्यांच्या वर. अर्धा किलो गराला एक किलो ग्लिसरीन लागेल आणि हाती येईल तो अर्क कमी, ग्लिसरीनच जास्त. कोरफड या पद्धतीने करणं परवडत नाही. आवळा वाळवून करा.

कृतीत कुठे हुकतं

वाळलेल्या पाल्यावर थेट ग्लिसरीन ओतलं की अर्क फिका येतो आणि मग दोष वनस्पतीला. घट्ट ग्लिसरीन सुकलेल्या पेशीत शिरतच नाही. आधी पानांना पाणी पिऊन फुगू द्यावं लागतं. हिशेबात धरलेलं २८५ ग्रॅम पाणी उकळून कडकडीत पाल्यावर ओता, झाकून अर्धा तास ठेवा, मगच ग्लिसरीन घाला. याचा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा आहे. गरम पाण्यात यीस्ट लवकर मरतं, तेच ग्लिसरीनमध्ये गेल्यावर उष्णतेला चिवट होतं. म्हणून आधी पाणी आणि उष्णता, नंतर ग्लिसरीन. उलट क्रमाने केलेला लॉट तितकाच तापवूनही बिघडतो.

ताजा पाला असेल तर त्याला वाफ द्या, दोन मिनिटं, चाळणीत. नाहीतर चिरल्याबरोबर पानं काळवंडतात. वाफेनंतर पाल्याचं पुन्हा वजन करा. चिकटलेलं वाफेचं पाणी हिशेबात धरलं नाही तर मेहनत वाया.

नंतर भांडं थेट जाळावर ठेवू नका. मोठ्या गंजात पाणी, त्यात अर्काची बरणी, खाली टिचभर जाडीचं फडकं. आतला अर्क ६० अंशांवर चार तास. चुलीवर हे सहज जमतं, त्यामुळे लाईन गेली तरी काम अडत नाही. थेट जाळावर तळाचं ग्लिसरीन जास्त तापलं तर डोळे चुरचुरवणारा उग्र वास सुटतो. तो अ‍ॅक्रोलीन या विषारी वाफेचा असतो आणि तो लॉट अंगाला लावायला वापरायचा नाही.

मग सात ते दहा दिवस सावलीत, रोज एकदा ढवळून. ताज्या पाल्याच्या बाबतीत पहिले दोन दिवस जपायचे. पाणी अजून पानांच्या आत आणि ग्लिसरीन बाहेर असतं, म्हणजे पानांच्या आत प्रमाण रेषेखालीच आहे. वर तरंगलेलं पान हवेत उघडं पडलं तर बुरशी तिथूनच सुरू होते. बरणीच्या तोंडात बसेल अशी स्टीलची ताटली आणि तिच्यावर उकळलेली काचेची छोटी भरलेली बाटली ठेवून पाला बुडवून ठेवा.

गाळताना अर्क फार दाट वाटला तर पुन्हा ५० अंशांवर न्या, सहज गळतो. थंडीत तर हे करावंच लागतं. पाणी घालून पातळ करायचा मोह इथेच होतो. आणि याहून मोठी चूक पुढे होते: चोथ्यात अर्क राहिला म्हणून त्यावर तांब्याभर पाणी घालून पिळायचं आणि ते अर्कात मिसळायचं. सगळा हिशेब इथे मोडतो. चोथा धुवायचाच असेल तर एक भाग पाणी आणि दोन भाग ग्लिसरीनच्या मिश्रणाने धुवा. किंवा साध्या पाण्याने धुवून ते पाणी उकळून त्याच दिवशी पुढच्या लॉटचं 'वरून पाणी' म्हणून वापरा. दुसऱ्या दिवसापर्यंत ते ठेवू नका. गाळायचं मलमलही धुवून ओलं वापरलं तर पाणीच घालतं. वाळवून घ्या.

मेमधला चांगला लॉट ऑगस्टमध्ये का जातो

ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. मे महिन्यात विदर्भाच्या हवेत आर्द्रता इतकी कमी असते की उघडा अर्क उलट आटतो. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर गेली की ६७ टक्क्यांचा अर्कही हवेतून पाणी ओढत राहतो, आणि भरपूर वेळ उघडा राहिला तर निम्म्याच्याही खाली उतरू शकतो. तोंड रुंद असलेली बादली, सैल झाकणाचा प्लास्टिक डबा, रोज उघडून थोडा थोडा अर्क काढायची सवय, हे सगळं त्यात भर घालतं. म्हणून लॉट गाळला की लगेच लहान, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत भरा, २०० मिलिच्या आसपास. पावसाळ्यात एकावेळी एकच बाटली फोडा.

फक्त वरच्या थरावर बुरशी असेल आणि खालचा अर्क ठीक वाटत असेल, तर कारण बहुधा झाकणाखालचे थेंब. गरम अर्क अर्ध्या बाटलीत भरला की वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंब परत खाली पडतात. ते शुद्ध पाणी असतं, हलकं असतं आणि जड अर्कावर पातळ थर धरून तरंगतं, न हलवता त्यात लवकर मिसळत नाही. त्या थरात ग्लिसरीन जवळजवळ नाहीच. अर्क ७०-७५ अंशांवर असताना बाटली मानेपर्यंत भरा, झाकण लावून दोन-तीन मिनिटं उलटी ठेवा, आणि गार झाल्यावर एकदा जोरात हलवा. बाटल्या उकळलेल्या आणि आतून पूर्ण कोरड्या हव्यात.

तपासणी: १०० मिलि अर्काचं वजन

हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) नसेल तर १०० मिलिची खूण असलेल्या बाटलीत अर्क भरून आतला माल तोला. २० ते २५ अंशांना नुसतं ग्लिसरीन-पाणी ५० टक्क्यांना सुमारे ११२.५ ग्रॅम, ६० टक्क्यांना ११५ आणि ७० टक्क्यांना ११८ ग्रॅम भरतं. ४० अंशांच्या उन्हाळ्यात हेच एक-सव्वा ग्रॅम कमी येतं. ११५ च्या खाली आला तर लॉट नापास, ग्लिसरीन वाढवा. ११७ भरला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. पाल्यातून उतरलेली साखर, क्षार आणि टॅनिनही (तुरट घटक) वजन वाढवतात, त्यामुळे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त भासतं. मोहफुलांसारख्या साखरेने भरलेल्या मालात ही तपासणी जवळपास निरुपयोगी. तिथे कागदावरचा हिशेबच खरा.

रंग काळा पडणे, गढूळ होणे

हिरडा, बेहडा, आवळा, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांत टॅनिन भरपूर. लोखंडाचा अंश लागला की ते निळं-काळं होतं, जुन्या काळी शाई अशीच करत. लोखंडी खलबत्ता, विळी, गंजलेली चाळणी, लोह असलेलं बोअरचं पाणी, यातलं काहीही पुरतं. शंका असेल तर चमचाभर अर्कात हिराकसाचा खडा टाकून बघा, काळं झालं तर टॅनिन आहे आणि लोखंड दूर ठेवायला हवं. काळा पडलेला अर्क ०.२ टक्के सायट्रिक अ‍ॅसिडने थोडा उजळतो, पूर्ण साफ होत नाही. स्टील, काच किंवा मुलामा न उडालेलं इनॅमलचं भांडं वापरा. जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) भांडंही नको, आंबट अर्क त्याला खातो.

पळसाचा रंग मात्र सामूवर नाचतो. आंबटात फिका पिवळा, खारट-क्षारी पाण्यात नारिंगी-तांबूस. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी वापरून केलेला अर्क आणि आरओच्या पाण्यातला अर्क एकाच फुलांचे असून वेगळे दिसतात. दर लॉटला वेगळा रंग येत असेल तर फुलं बदलण्याआधी पाणी बदला. जारचं आरओ पाणी चालतं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० च्या खाली असेल ते, पण उकळूनच. कॅनमध्ये साठवलेलं पाणी निर्जंतुक नसतं.

हळदीचा ग्लिसरीन अर्क गढूळ होऊन पिवळा गाळ खाली बसतो, हीही वारंवार येणारी तक्रार. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हळदीचा पिवळा रंगघटक कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही आणि ग्लिसरीनमध्येही फारसं नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली समुद्रपूर भागातली वायगाव हळद कितीही कसदार असली तरी रसायन बदलत नाही. हळद तेलात काढा: पूर्ण वाळलेली पूड एक भाग, खोबरेल किंवा तीळ तेल पाच भाग, ६० अंशांवर तीन तास, मग दाट कापडातून गाळणं. इथे नियम उलटा आहे, तेलात एक थेंबही पाणी नको. ओली पूड असेल तर तेल खवट आणि तळाला आंबूस पाण्याचा थर.

संरक्षक घालूनही का बिघडतं

सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट (प्रत्येकी ०.३ ते ०.५ टक्के) आंबट माध्यमातच काम करतात. सामू ५ च्या वर असेल तर पैसे पाण्यात. आधी सायट्रिक अ‍ॅसिडने सामू ४.५ वर आणा, मग संरक्षक. आवळा आणि लिंबू-संत्र्याच्या सालीच्या अर्कात बेंझोएट टाळा. त्यातलं क जीवनसत्त्व आणि बेंझोएट मिळून ऊन-उष्णतेत थोडं बेंझिन बनू शकतं. तिथे नुसतं सॉर्बेट. आणि हे सगळं ६० टक्क्यांच्या वरच्या अर्काला जोड म्हणून. ४३ टक्क्यांच्या अर्काला संरक्षकाने वाचवायचा प्रयत्न फार काळ चालत नाही.

ग्लिसरीन कसलं घ्यावं यावर एकच सांगणं. आयपी (भारतीय औषधकोश) दर्जाचं, सीलबंद, बॅच नंबर आणि चाचणी अहवाल असलेलं. बायोडिझेलच्या कारखान्यातलं स्वस्त, पिवळट ग्लिसरीन मिथेनॉल आणि साबणाचे अंश घेऊन येतं. सुट्ट्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाची भेसळ वास-चवीने किंवा वजनाने घरी ओळखता येत नाही. २०२५ मध्ये नागपूरच्या शेजारी छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातल्या याच विषाने लहान मुलं दगावली. अर्क घातलेला साबण-शाम्पू विकायचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा सौंदर्यप्रसाधन परवाना लागतो, आणि तिथे हा अहवाल विचारला जाईल.

बिघडलेल्या लॉटचं काय करायचं

बुरशी दिसली तर वरची साय काढून खालचा अर्क वापरू नका, तिचे धागे आणि विष खाली गेलेलं असतं. तो लॉट उकिरड्यात, शेणखतात थोडा थोडा मिसळून संपवा. विहिरीजवळ किंवा नाल्यात एकदम ओतू नका, कुजताना तो पाण्यातला प्राणवायू खातो.

बुरशी नाही, नुकतीच फसफस सुरू झाली, वास फक्त ताडीसारखा आहे, अशा वेळी तो लादी पुसायच्या किंवा भांड्यांच्या साबणासाठी वाचवता येतो. वरच्या उदाहरणात पाणी ८२०, ग्लिसरीन ६३०, दुप्पट हवं म्हणजे १६४०. उरलेलं १०१० ग्रॅम ग्लिसरीन घालायच्या आधी अर्क ८५ अंशांवर वीस मिनिटं ठेवा, गरम असतानाच ग्लिसरीन मिसळा आणि गळ्यापर्यंत भरा. अर्क पातळ होईल आणि ग्लिसरीनचा खर्च अडीचपटीच्या पुढे जाईल. चेहऱ्याच्या किंवा लहान मुलांच्या वस्तूत तो घालू नका, आणि बाटलीवर तारीख, सामू व 'दुरुस्त लॉट' असं लिहूनच वेगळ्या फळीवर ठेवा.